एकच लूप, हजार कामं

चांदसाहेबांनी लायटिंगचा सगळा माल विकायचं पक्कं केलं होतं. साताऱ्याचे लालासाहेब तो न्यायला थेट कवठे महांकाळजवळच्या या जत्रेतच येऊन बसले होते. चांदसाहेबांच्या लेकीचा, अर्फाचा, जीव तुटत होता. बापाचं हेच दुकान चालवायचं म्हणून तर ती सांगलीला कॉम्प्युटर शिकत होती, आणि बाप म्हणत होता, मला आता नवं कायबी सुचत न्हाई, आजची दिव्यांची कमान शेवटची.

चांदसाहेबांच्या काळी प्रत्येक डिझाइनला वेगळा लाकडी ड्रम असे. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकून तो मोटरीवर फिरवला, की दिवे पळायचे. अर्फानं ड्रम मोडीत काढून प्रोग्रॅमवर दिवे पळवणारा तळहाताएवढा कंट्रोलर आणला खरा, पण वळण घरचंच! मोरासाठी एक अख्खा लूप, म्हणजे दिव्यांवरून पुन्हा पुन्हा फिरणारा कोड, लिहिला, लाटेसाठी दुसरा, कारंज्यासाठी तिसरा.

ऊन उतरताना जत्रा कमिटीचे जयराज आले. "अर्फा, दोन्हीकडनं दिवं पळत येऊन पैलवानागत मधी भिडलं पायजेत बघ."

तिनं घाईघाईनं नवा लूप लिहिला. पण तो मावायला कंट्रोलरच्या मेमरीत जागाच उरली नव्हती.

"बघितलंस?" चांदसाहेब म्हणाले. "माझ्या ड्रमांनी माळा भरला, तुज्या लूपांनी ही डबी भरली."

अर्फा बापाकडे बघतच राहिली आणि खो खो हसायला लागली. व्हय की! तीसुद्धा ड्रमच ठोकत बसली होती. सगळे लूप एकच काम करत होते, पहिल्या दिव्यापासून शेवटच्यापर्यंत जायचं. वेगळं होतं ते फक्त त्या दिव्याचं काय करायचं एवढंच. मग लूप एकच ठेवावा, आणि काय करायचं ते फंक्शन बाहेरून त्याच्या हाती द्यावं!

तिनं धडाधड सगळं पुसलं. एक लूप, आणि चारपाच ओळींची इवलीइवली फंक्शन्स. दिवेलागणीला कमानीवर दिवे असे भिडले, की पोरांनी शिट्ट्यांनी रान उठवलं.

मग अर्फाच्या अंगात आलं. "सांगा, अजून काय करू?" बांगड्यांवाल्या रंगुबाई म्हणाल्या, "नव्या नवरीगत लाजत लाजत उजळू दे गं!" चार ओळी लिहिल्या, लूपला दिल्या, कमान लाजली. कुणी म्हणालं तिसरा दिवा रुसू दे. रुसला! गर्दी वेडी झाली, अर्फा तिच्याहून वेडी.

"माझं बी एक घाल," मागून आवाज आला. चांदसाहेब होते. "परत्येक दिव्यानं मागच्यासाठी जरा थांबायचं. त्यो पेटला, की मगच फुडं."

तिनं त्याही चार ओळी लिहून लूपला दिल्या. प्रकाश कमानीवरून हळूहळू, एकमेकांना सांभाळत चढला. चांदसाहेब तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग लालासाहेबांकडे वळून लहान पोरासारखे हसले.

"माफ करा लालासाहेब, माल न्हाई देत. मला आता लय सुचाय लागलंय."