राग्नहिल्डची खाट

आपल्याच आजीच्या शेतावर, आता त्याचं संग्रहालय केलंय म्हणून, तिकीट काढून जायचं! तिथेच माझं डोकं फिरलं होतं. त्यात फाटकावर पाटी, ‘निल्सचं शेत’. निल्स म्हणजे आईचा मामा. तो आणि माझी आजी राग्नहिल्ड, दोघं भावंडं नॉर्वेहून नॉर्थ डकोटाच्या या माळावर आली. आजी काय नुसती भाकऱ्या भाजायला आली होती?

“इथे ओरडू नकोस,” आई म्हणाली. “आधी आत बघू.” आईने ऐंशी ओलांडलीय, पण जिभेची धार तशीच आहे.

आत, त्या एका खोलीच्या लाकडी घरात, जुन्या काळचं टोपडं घातलेली शेल्बी नावाची पोरगी माहिती सांगत होती आणि पाहुणे माना डोलवत होते.

“निल्सने एकट्याने हा माळ नांगरला. बहीण घर सांभाळायची.” दोन्ही खाटा पूर्वेच्या भिंतीला लावलेल्या.

आईने काठी आपटली. “कोणी सांगितलं तुला? पश्चिमेकडची सगळी जमीन माझ्या आईची. तीच नांगरायची ती.”

“पण आजी, घर तर एकच आहे ना?” शेल्बी गोड हसली.

“एकच असणार! या माळावर झाड तरी दिसतं का तुला? दोन घरांना लाकूड आणायचं कुठून? आणि सरकार जमीन फुकट द्यायचं, पण नियम असा, की ज्याची जमीन त्याने तिच्यावरच राहायचं, झोपायचं. नाहीतर जमीन गेली. म्हणून या दोघांनी घर बरोबर दोन्ही जमिनींच्या हद्दीवर बांधलं. मामा पूर्वेला झोपायचा, आई पश्चिमेला. तिची खाट इकडे आणलीत म्हणजे तिची जमीनच काढून घेतलीत की!”

“पाहुण्यांना उभं राहायला जागा हवी म्हणून हलवली हो.”

“वा गं वा! जागा हवी!” म्हणत मी खाटेला हात घातला. फळ्यांवरून खाट करकरत निघाली. शेल्बी ‘हात लावू नका, हात लावू नका’ करत मागे. एका पाहुण्याने दुसरी बाजू उचलली, देव त्याचं भलं करो.

खाट पश्चिमेच्या भिंतीला लागली आणि व्यवस्थापक धावत आला. “बाई, तुमचं म्हणणं मी समितीपुढे मांडतो. खाट तेवढी होती तिथे ठेवू या.”

“मांड की. तोवर मी इथेच आहे,” म्हणून आई सरळ खाटेवर आडवी झाली.

मला हसू आलं आणि रडूही. मरेपर्यंत आजीला कोणी शेतकरी म्हटलं नाही. सगळ्यांची ती निल्सची बहीण. ते ऐकतच आई लहानाची मोठी झाली.

व्यवस्थापकाने घड्याळ बघितलं. “आम्हाला बंद करायचंय हो. अशा किती वेळ पडून राहणार आहात?”

“जमीन नावावर व्हायला माझी आई इथे पाच वर्षं झोपली,” आईने डोळे मिटून घेतले. “मला काही घाई नाही.”

मी तिचे बूट काढले आणि खाटेखाली ठेवले.