किती देवाचे?

काळा रंग लावलेलं बोट राजसनं माझ्या गालापर्यंत आणलं आणि मागे घेतलं. "उत्कर्षाला नको. ही रेडीमेड आहे." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

साल दोन हजार सहा. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचा वार्षिक समारंभ कोथरूडच्या एका सभागृहात होता आणि टीम लीडर राजसनं 'जंगल डान्स' बसवला होता. कमरेला प्लास्टिकची पानं, डोक्यावर टोप आणि पिसं, हातात भाले, मधूनमधून "हुर्र हुर्र" ओरडायचं. असं कोण ओरडतं? सिनेमातले ओरडतात. मी गडचिरोलीकडच्या गोंडाच्या घरात वाढले, तिथं कुणाच्या तोंडून हे ऐकलं नाही. पण सांगणार कुणाला? पुण्यात पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी माझं आडनाव ऐकून विचारलं होतं, "मरापे म्हणजे नक्की कोण?" मी म्हटलं, "विदर्भातले." तेव्हापासून मी नुसती विदर्भातली.

खरा घोर बाबांचा होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते विश्रांतवाडीला माझ्याकडे आले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं धूसर दिसायचं. "मी नाचात नाही, मागे मदतीला आहे," असं खोटं सांगून त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं होतं. नाचताना सारं लक्ष त्या रांगेकडे. दोनदा चुकले.

घोळ निवेदन करणाऱ्या अवनीनं घातला. "थेट गडचिरोलीच्या जंगलातून आलेले आदिवासी!" असं तिनं झोकात सांगितलं आणि बाबांनी ते खरं मानलं. दोन महिन्यांत त्यांना पुण्यात आपलं माणूस भेटलं नव्हतं. नाच संपतो न संपतो तोच ते काठी टेकत मेकअपच्या खोलीत हजर.

"जय सेवा," आमचा गोंडी नमस्कार घालत ते राजसला म्हणाले. "किती देवाचे जी तुम्ही?"

आमच्यात कूळ किती देव पूजतं यावरून ओळख लागते, म्हणून नवं माणूस भेटलं की हेच विचारतात. देव सारखे निघाले तर भाऊबंद, वेगळे निघाले तर सोयरे.

"आम्ही तेहतीस कोटींचे, काका!" राजस म्हणाला. खोलीत हशा पिकला.

बाबा माझ्याकडे वळले. त्या सोंगात त्यांनी मला ओळखलं नाही. "अन् तू, बाई?"

"सात," मी पुटपुटले.

त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे आमचीच! माझी पोरगी बी इथंच आहे कामाले." मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "पण ती भेटली तर चारचौघांत जय सेवा म्हणू नको हो. तिले लाज वाटते."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी टोप काढून फेकला. "बाबा, मीच."

ते दचकले. मग घाईघाईनं राजसला म्हणाले, "गैरसमज झाला साहेब. मी ओळखत नाही यांना. डोळ्यानं दिसत नाही मले."

मी त्यांचा हात घट्ट धरला.

"राजस, हे माझे वडील. यांची माफी माग," मी म्हटलं. "मग मला मागायची आहे."