पातेल्यातले देव

“मागे काय दिसतंय रे ते? पाणी?” काशीनाथने मोबाईल जवळजवळ नाकालाच लावला.

“पप्पा, समुद्राच्या गावाला आल्यावर मागे पाणीच दिसणार ना!” निकेत हसला. “बातुमी म्हणतात याला. कॉलेजला दोन दिवस सुट्टी आहे, म्हणून सगळे आलोय. हा काळा समुद्र.”

“काळा?” गॅसपाशी उभी असलेली अनसूया तिथूनच ओरडली. “अहो, काळा म्हणतोय तो!”

“आई, नावच तसं आहे. बघ, निळाच आहे.”

तेवढ्यात निकेतच्या खांद्यावरून एक कुरळ्या केसांचं डोकं पुढे आलं. “काका, नमस्कार! टेन्शन घेऊ नका. ह्याला मी घोट्याच्या वर भिजू देत नाही.”

हा अभिनव, निकेतचा रूममेट. कराडचा, कृष्णेच्या पाण्यात पोहून वाढलेला. काशीनाथला त्या पोराचा मोठा आधार वाटायचा.

“पप्पा, नुसते पाय बुडवतो. इथे वाळू नाही, सगळे गोटेच…” निकेतचं तोंड उघडं राहिलं आणि चित्र तसंच थिजलं. मग फोन कट झाला.

काशीनाथ पाष्टे हा भित्रा माणूस नव्हता. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात उभं आयुष्य पॉलिशची काळी धूळ खात तो सुपरवायझर झाला होता. पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये वन रूम किचन घेतलं होतं आणि पोराला जॉर्जिया नावाच्या कुठल्याशा देशात डॉक्टर व्हायला पाठवलं होतं. मालकाला तोंडावर उत्तर देणारा हा गडी फक्त पाण्याला भ्यायचा, आणि तेही स्वतःसाठी नाही.

निकेतच्या बारशानंतर रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावच्या जोशीबुवांनी पत्रिका मांडली आणि सांगितलं, “जलघात आहे. एकविसावं सरेपर्यंत पोराला पाण्यापासून जपा.” बुवा दक्षिणा घेऊन गेले. काशीनाथच्या गळ्यात मात्र घोरपड पडली ती कायमची. उत्तनचा समुद्र रिक्षाच्या अंतरावर, पण पोराने तो पाहिला नाही. शाळेची सहल तिकडे निघाली, की निकेतला हमखास ताप यायचा, म्हणजे बापच चिठ्ठीत तो आणायचा. एका मे महिन्यात शेजारच्या कॉम्प्लेक्समधल्या पोहण्याच्या क्लासला पोरगं चोरून गेलं, तेव्हा काशीनाथने त्याला ओल्या चड्डीवर, सगळ्या पोरांसमोरून हाताला धरून घरी ओढत आणलं होतं. निकेत रडत रडत म्हणाला होता, “पप्पा, पोहायला आलं तर मग बुडणार कसा मी?”

त्या वेळी काशीनाथने त्याला एक लगावली होती. आज फोन लावता लावता त्याला तोच प्रश्न आठवत होता. एकविसावं सरायला आता फक्त श्रावणातला वाढदिवस उजाडायचा राहिला होता.

फोन स्विच ऑफ. पुन्हा स्विच ऑफ. अभिनवचाही लागेना. ताटातला भात निवून गेला.

वरच्या मजल्यावरचे मेहताभाई जिन्यात भेटले. “अरे काशीभाई, बच्चे लोग हैं. घूम रहे होंगे. बॅटरी खतम हो गई होगी.”

“हां, वही होगा,” काशीनाथ म्हणाला आणि आणखी एकदा फोन लावून बघितला.

करणार काय? कारखान्यात मशीन अडलं तर तो पाना घेऊन आत हात घालायचा. इथे हात घालायला जागाच नव्हती. तिथल्या पोलिसांना फोन करावा, तर कुठली भाषा बोलायची?

अनसूयेने मग शेवटचा उपाय काढला. काशीनाथने कारखान्यातून आणलेलं, अजून न वापरलेलं स्टीलचं पातेलं तिने पाण्याने भरलं आणि देव्हाऱ्यातले सगळे देव एकेक करून त्यात बुडवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती. पोराची खबर येईपर्यंत देवांनी पाण्यातच राहायचं, असा तिचा रोखठोक व्यवहार होता. “आता त्यांनाही कळू दे,” ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून जमिनीवर बसली.

काशीनाथला एरवी हसू आलं असतं. आज तो पातेल्यापासून हलला नाही. खाली कुणाचीतरी मोटरसायकल चालू होत नव्हती, किका मारण्याचा आवाज तेवढा येत होता.

उन्हं उतरली तेव्हा फोन वाजला. नंबर परका होता.

“पप्पा.”

“निकू! आला, आला गं फोन! बोलतोय!”

अनसूया रडत, हसत उठली. तिने घाईघाईने देव बाहेर काढले, धुतलेल्या फडक्याने पुसले, देव्हाऱ्यात बसवले. देवांपुढे साखर ठेवली आणि त्यातलीच चिमूटभर फोन धरलेल्या नवऱ्याच्या तोंडात घातली. “टळला हो घात! टळला!”

“पप्पा, ऐकताय ना? अभिनव…” निकेतचा श्वास लागला होता. “अभिनव पोहायला गेला. आम्हाला वाटलं मस्करी करतोय. पाण्याने त्याला आत ओढलं. त्याने हात वर केला, पप्पा. माझ्याकडे बघून केला. आणि मी काठावर नुसता उभा. मला कुठे काय येतं?”

“तू…” काशीनाथ म्हणाला, “तू पाण्यात नाही ना उतरलास?”

निकेत म्हणाला, “नाही.”

काशीनाथच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि तो उतरला याचीच त्याला भयंकर लाज वाटली.

“बोटी शोधतायत. अजून सापडला नाही. माझा फोन तिथेच गोट्यांत कुठेतरी पडला. पप्पा, त्याच्या घरी सांगायला पाहिजे. मला नाही जमणार. तुम्ही सांगाल?”

“सांगतो,” काशीनाथ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

अभिनवच्या आईचा नंबर त्याच्याकडे होता. दिवाळीला तिने कराडहून चिवड्याचा डबा पाठवला होता, तेव्हाचा. नंबर शोधताना त्याची नजर देव्हाऱ्याकडे गेली. पुसून लख्ख केलेले देव साखरेपुढे बसले होते.

तो उठला. बाळकृष्ण उचलला आणि पुन्हा पातेल्यात सोडला. मग अन्नपूर्णा. मग गणपती.

“अहो, आता कशाला? आला ना फोन?”

“अभिनव,” तो एवढंच म्हणाला. अनसूयेचा फडक्याचा हात तसाच राहिला.

त्याने नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

“कोण, निकेतचे पप्पा का? बोला की दादा!” बाईंचा आवाज मोकळा होता, मागे टीव्ही चालू होता. “बरं झालं बघा फोन केला. आमच्या पोराचा फोन लागंना झालाय दुपारधरनं. तुमचा लागतोय का?”

काशीनाथच्या तोंडात साखरेची गोडी अजून तशीच होती.