चौथं कडवं

जात्याचं तिकीट किती?

*

पाण्याच्या ड्रमचं झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला गोल दगड. मधोमध भोक.

*

सुरत. अकरावा मजला. लिफ्ट आहे.

*

कोनाड्यातला कान तुटलेला कप.

*

दाणे आणि गाणं बरोबर संपलं पाहिजे. गाणं संपलं आणि दाणा उरला, तर तो दाणा मुका दळला जातो.

*

तिकिटाचं तेवढं बुधवारी घडलं. बाकीचं सगळं रविवारी सकाळी एकदमच द्वारकाबाईच्या डोक्यात आलं, कारण जालन्याहून प्रेमबाईंचा फोन आला.

फोन त्यांची नात रुचि हिने लावून दिला होता. पडद्यावर आधी छत दिसलं, मग पंखा, मग प्रेमबाईंची अर्धी हनुवटी.

"द्वारका, गुरुवारी चालले मी."

"कुठं, भाभी?"

"सुरतला. नमनने तिकडंच दुकान टाकलंय ना. घर अकराव्या मजल्यावर, लिफ्ट आहे म्हणतो. आता इथं कुणी राहत नाही. माझा उजवा हात दिवाळीपासून गेलाय, एकटीला ठेवत नाही तो."

"मंग परत कधी?"

पडद्यावर पुन्हा पंखा दिसला. तो फिरत नव्हता.

"ऐक, आईचं गाणं मला रोज आठवतं. तीन कडवी. रस्त्याचं, आटलेल्या विहिरीचं, मागे वळून पाहणाऱ्या उंटाचं. चौथं गेलं गं. ज्यात आई येते ते. तीन कडव्यांत कुठंच आई नाही, द्वारका. तुला येत असेल."

"येतंय की. आत्ता म्हन्ते," असं म्हणून द्वारकाबाईने तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

*

प्रेमबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन मारवाडातून जुन्या जालन्यात आल्या. आई गेल्याचं पोस्टकार्ड तेराव्याच्या दिवशी हातात पडलं. जाऊन उपयोग नव्हता, आणि कुणी नेलंही नाही. आईचा फोटो कधी निघालाच नव्हता. गाणं तेवढं होतं.

द्वारकाबाईचा नवरा जालन्याच्या मोंढ्यात पोती उचलायचा. ती प्रेमबाईंच्या घरी धान्य निवडायला आणि उन्हाळ्यात पापडांची मुगाची डाळ दळायला जायची. प्रेमबाईंची सासू सोवळ्याची होती. पहिली दोन वर्षं द्वारकाबाईचा कप कोनाड्यात वेगळा असायचा, कान तुटलेला. जात्याला खुंटा मात्र एकच होता. एक हात हिचा, एक हात तिचा. जोरात ओढायचं म्हणजे बोटांवर बोटं यायचीच, त्याला सासू काय करणार?

तिथंच, समोरासमोर बसून, हिने तिला पूर्णाकाठच्या ओव्या दिल्या आणि तिने हिला मारवाडचं गाणं दिलं.

"तुमच्याकडं नदी न्हाई म्हन्ता, मंग बाया धुनं धुवाया कुठं जात्या?"

"बाया पाण्याला जातात. चार कोस."

"आन् येतानी?"

"येताना गातात."

पुढे नवऱ्याची पाठ गेली आणि बिऱ्हाड जाफराबादजवळच्या गावी परतलं. निघताना प्रेमबाईंनी जातं एसटीच्या टपावर चढवून दिलं. मिक्सर आलाय, म्हणाल्या. त्याच जात्याची वरची तळी आता ड्रमवर होती. खालची गोठ्यात, गुरांच्या मिठाच्या खड्याखाली.

*

सोमवार. सून दैवशाला हिने दोन्ही तळ्या धुतल्या. जुन्या फावड्याचा दांडा तासून खुंटा ठोकला.

"आत्याबाई, तोंडानं म्हनायचं गानं, त्याला दगड कशाला पाहिजे?"

"मला काय ठावं? हातात खुंटा आला की येतंय."

खुंटा हातात आला आणि ओव्या आल्याच. भावाच्या आल्या, चुड्याच्या आल्या, तीस वर्षांत न आठवलेली एक मावशीच्या लुगड्याचीही आली. मारवाडचं गाणं मात्र उंबऱ्याशी येऊन थांबल्यासारखं थांबलं. म्हारै पीहर रो मारग लांबो. माझ्या माहेरचा रस्ता लांब. एवढंच.

मंगळवार. द्वारकाबाईच्या ध्यानात आलं की हे गाणं तिने एकटीने कधी दळलंच नव्हतं. तिने दैवशालाला समोर बसवलं.

"वढ. आता सोड. अगं सोड की! मोबाइल सरकवल्यावानी काय करून राह्यली?"

"तुम्हीच तर वढ म्हनल्या."

"आर्धं तू वढायचं, आर्धं मी. मधी गानं बसतंय."

पहिली तीन कडवी अडखळत, ठेचकाळत आली. तिसऱ्याच्या शेवटी हात थांबला. दोन दिवस उरले होते, आणि ज्या ओढीवर ते कडवं येत होतं, ती ओढ जालन्यात होती.

*

बुधवार. काळीपिवळी जीप. चालक कडूबा.

"मावशे, ह्या सवारीचं तिकीट लागंल. दोन सीटा धरल्या तिनं."

"मंग तिला खिडकी दे. मी मधी बसते."

"कुठं चालली म्हनायची?"

"माहेरी."

जीपमधली माणसं हसली. द्वारकाबाईही हसली. मांडीवर अर्धा किलो मुगाच्या डाळीची पिशवी होती, कारण जातं रिकामं फिरवायचं नसतं. वाटभर तिने पिशवीवरचा हात काढला नाही.

जुन्या जालन्यात तळ्या रिक्षातून उतरल्या. गल्ली तीच होती, कापडाच्या गाठी तशाच दारात पडलेल्या. प्रेमबाईंच्या ओट्यावर खोकी रचलेली होती. दारात त्यांचा मुलगा नमन उभा. लहानपणी तो पिठात बोटं घालायचा. आता चाळिशी उलटलेली, डोकं विरळ.

"मावशी, आम्ही सामान काढून राह्यलो आणि तुम्ही भरून राह्यल्या!"

"घंटाभराचं काम आहे, बाबा. मंग नेते परत."

*

रिकाम्या स्वयंपाकघरात आवाज घुमत होता. भिंतीवर भांड्यांच्या मांडणीचे पांढरे चौकोन. कोनाडा रिकामा.

प्रेमबाई पूर्वी समोर बसत तशाच बसल्या, एक पाय लांब आणि एक दुमडून. उजवा हात त्यांनी मांडीवर नीट ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा, आणि डावा खुंट्याला लावला. वर द्वारकाबाईचा हात आला. दोन्ही हातांची कातडी आता सैल झाली होती.

"डाव्यानं जमंल का, भाभी?"

"तू ओढ. मी सोडते."

पहिली मूठ. रस्ता आला. सुरुवातीला जातं नुसतं खरखरलं, मग त्याला वळण सापडलं. दुसरी मूठ, विहीर. तिसरी मूठ, उंट. प्रेमबाईंचा आवाज चिरका झाला होता, पण उंट मागे वळतो तिथला हेल त्यांनी पूर्वीसारखाच घेतला. रुचि दाराशी फोन धरून उभी होती आणि श्वाससुद्धा जपून घेत होती.

चौथी मूठ द्वारकाबाईने घातली, आणि प्रेमबाईंनी डाव्या हाताने खुंटा सोडला, अर्ध्या फेऱ्यात, थोडा उशिरा, नेहमी सोडायच्या तसा. त्या उशिरातच ते कडवं बसलं होतं.

*पूर्णाबाईला आला पूर, पल्याड उभी माझी माय*
*हाक आली पाण्यावरून, येईनात माझे पाय*

चाल मारवाडची. शब्द इकडचे.

जातं थांबलं. द्वारकाबाईने पदर तोंडाला लावला.

"भाभी, माफी करा. तुमच्या मायच्या बोलाची मी माती केली. इतक्या वर्सांत माझ्या तोंडात पार बदलून गेलं. पूर्णा कुठून आली त्याच्यात? तुमच्या गावाला नदी तरी हाय का?"

प्रेमबाई रडत होत्या, पण चेहरा उजळला होता.

"हेच आहे. हेच. चौथ्यात आई पलीकडे उभी असते. मला आठवतंय ना."

"पर नदी..."

"नव्हतीच नदी. म्हणूनच तर आईने गाण्यात घातली असेल. पुन्हा म्हण."

द्वारकाबाईने पुन्हा म्हटलं. मग दोघींनी म्हटलं. डाळ संपली तेव्हा गाणंही संपलं.

रुचिने फोनवर लावून पाहिलं तर जात्याची घरघर मोठी आणि शब्द बुडालेले. "दादी, घरघर काढून टाकता येते," ती म्हणाली. दोघी एकदम म्हणाल्या, "नको."

थोडं पीठ प्रेमबाईंनी औषधाच्या रिकाम्या डबीत भरून घेतलं. जातं संध्याकाळच्या जीपने परत निघालं. गुरुवारी द्वारकाबाईने ते ओसरीत मांडलं, आणि समोरची जागा झाडून रिकामी ठेवली. ड्रमच्या झाकणावर दैवशालाने वीट ठेवली.

*

मार्च १९८७. पापडांची डाळ दळताना प्रेमबाईंच्या आईचं गाणं तिसऱ्या कडव्याला संपलं. ते तेवढंच होतं. सुपात एक मूठ डाळ उरली होती, म्हणून द्वारकाबाईने त्या मुठीपुरतं एक कडवं मनाने जोडलं.