मेरेआनाच्या बाहीतले अश्रू

मी थेंबांची बाटली बोलतेय. औषधाच्या दुकानात असते ना, डोळ्यांत घालायची, बोटाएवढी, पांढरी? तीच. माझ्या अंगावर निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'कृत्रिम अश्रू'. जन्मल्याबरोबर कोणी तोंडावर खोटी म्हटलं तर तुम्हाला कसं वाटेल? मलाही तसंच वाटलं.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. तिथं शिंकायचीसुद्धा चोरी. तिथून खोक्यात बसून मी न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात आले. औषधवाल्याने मला हुइयाच्या हातात ठेवलं आणि बजावलं, "झाकण उघडलं की अठ्ठावीस दिवस. मग कचऱ्यात टाकायची." माझ्यादेखत सांगितलं हो! हुइयाने झाकण उघडलं आणि काळ्या पेनने माझ्या पोटावर तारीख घातली.

हुइया शाळेची बस चालवते. मी तिच्यासाठी नव्हते, तिच्या आत्यासाठी होते. आत्या म्हणजे मेरेआना, वय सदुसष्ट, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. गावच्या मराएवर, म्हणजे सभाघर आणि त्यापुढच्या पटांगणात, पाहुण्यांना हाक मारण्याचा मान तिचा. पाहुणे फाटकाशी थांबतात. सभाघराच्या ओसरीवरून बाईची लांब हाक येते, तिच्यात त्यांच्या मेलेल्या माणसांनाही बोलावणं असतं. ती आल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही. तीस वर्षं ती हाक मेरेआनाची होती.

मी आले तेव्हा तिच्या डोळ्यांत वाळू होती. खरी नव्हे, पण ती म्हणायची, "समुद्रकिनाराच भरलाय की काय आत!" तोंडही कोरडं. घोटभर चहाशिवाय पाव उतरायचा नाही. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं होतं, तर पट्टी जेमतेम तीन मिलीमीटर भिजली. मग रक्त काढलं. एक तपासणी म्हणाली 'आजार आहे', दुसरी म्हणाली 'नाही'.

शहरातून दर दोन महिन्यांनी येणाऱ्या डॉक्टर बर्कबाईंनी समजावून सांगितलं. "शरीरातले राखणदार कधीकधी चोर समजून घरच्याच माणसांना बडवतात. तुमचे राखणदार बहुधा डोळ्यांत आणि तोंडात पाणी करणाऱ्या ग्रंथींना बडवताहेत."

"बहुधा?" मेरेआना म्हणाली. "एवढं शिकून बहुधा?"

"म्हणूनच तर खालच्या ओठाच्या आतून छोटासा तुकडा काढून बघू या म्हणते. शंभरातल्या थोड्यांना ओठाचा एखादा भाग बधिर राहतो. नाहीतर तपासणी न करता गोळ्या सुरू करता येतील. पण त्या बरीच वर्षं घ्यायच्या, आणि त्यांच्यासाठी डोळ्यांचा पडदा तपासत राहायचा. विचार करा. या खेपेला पुढच्या गुरुवारीही मी येणार आहे."

घरी येताना बसमध्ये मेरेआना म्हणाली, "ओठ बधिर झाला तर हाक कशी मारू गं?" हुइयाने गिअर बदलला. मी पर्समध्ये होते. तिथूनच सगळं ऐकलं.

तेवढ्यात तामाती गेला. मेरेआनाचा लांबचा चुलता. कुंपणावरून दोघांचं सात वर्षं वाजलेलं. तीन दिवस तामातीला सभाघरात ठेवलं, आणि पाहुण्यांच्या तुकड्या येत राहिल्या. आता इथली रीत अशी, की मेलेल्यासमोर डोळ्यांतलं आणि नाकातलंही पाणी वाहू द्यायचं, पुसायचं नाही. ते वाहणं म्हणजे मान. मेरेआना पहिल्या दिवशी रडली, अगदी पोटातून रडली, पण गाल कोरडे ठणठणीत. दुपारी स्वयंपाकघरात रताळी सोलता सोलता बायकांनी निकाल लावला.

"अजून कुंपण विसरली नाही बाई!"

"मेलेल्या माणसावरही डूख?"

मेरेआनाने ते दाराआडून ऐकलं. डोळे आजारी आहेत म्हणून सांगावं, तर विचारणार कसला आजार, आणि तिलाच कुठं माहीत होतं? दुसऱ्या दिवशी काळा झगा घातला, डोक्यावर हिरव्या पानांचं कडं ठेवलं आणि मला बाहीत खुपसलं. फाटकाशी पाहुणे दिसले की खांबामागे जाऊन डोळ्यांत पाच-पाच थेंब. मग काय विचारता! असा पूर लोटला, की एक म्हातारी म्हणाली, "कुंपण वाहून गेलं गं बाई!" मी बाहीत फुगून बसले. खोटी म्हणे!

गर्वाचं घर खाली, म्हणतात ना, ते मला लगेच कळलं. तिसऱ्या तुकडीला हाक मारताना मेरेआनाने हात वर केला आणि मी बाहीतून सटकले. टक, टक, टक, ओसरीवरून घरंगळत मी थेट रिपेकाच्या बुटाशी जाऊन थांबले.

रिपेका म्हणजे मेरेआनाची चुलत बहीण आणि दुसरी हाक मारणारी. दोघींचं लहानपणापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. मला वाटलं, आता गावभर दवंडी. पण रिपेकाने शांतपणे माझ्यावर पाय ठेवला, मेरेआनाची हाक सरली तिथून आपली उचलली, आणि पाहुणे आत गेल्यावर मला उचलून मेरेआनाला भांडीघरात ओढून नेलं.

"हे काय गं? रडायचं नाटक?"

मेरेआनाने सगळं सांगितलं. पट्टी, रक्त, बहुधा, ओठ, गुरुवार. "ओठाला सुरी लावून हाक गेली, तर मी कोण उरले?"

रिपेकाने भांडी पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "हाक अर्धी गेलीच आहे, मेरे. तोंड कोरडं पडतं आणि शेवटचे शब्द तू गिळतेस. वर्ष झालं. म्हणून मी माझी हाक लवकर उचलते, कोणाला कळू नये म्हणून."

"माझी जागा हवीय तुला!"

"जागा हवी असती तर गप्प बसले असते की! तुला पडू दिलं असतं."

मेरेआना पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसली. वर्षभर तिला वाटत होतं, रिपेका मुद्दाम मध्ये घुसते. तिने मला रिपेकाच्या हातून घेतलं आणि गच्च आवळलं. माझा एक थेंब सांडला, कोणाच्या डोळ्यात नाही, नुसता फरशीवर.

गुरुवारी तिने ओठ दिला. रिपेका सोबत गेली आणि वाटभर कटकट करत राहिली. पाच दिवस मेरेआना रताळ्याचं गार सूप प्यायली. सूज उतरली, पण डावीकडे वाटाण्याएवढी जागा बधिर राहिली.

निकाल सत्ताविसाव्या दिवशी फोनवर आला. हुइयाने फोन स्पीकरवर लावला होता. बर्कबाई म्हणाल्या, "खुणा आहेत, पण ठामपणे नाव द्यावं इतक्या नाहीत."

"म्हणजे पुन्हा बहुधा?"

"हो. पण आता जरा जड बहुधा."

मेरेआना हसली. मला वाटलं होतं, चिडेल. "मग गोळ्या सुरू करा," ती म्हणाली. "नाव सापडेपर्यंत बसले तर ग्रंथींना मार बसतच राहील. पडदाही बघत राहा. आणि बाई, 'बहुधा' म्हणायला लाजू नका. मला आता सवय झाली."

त्याच दुपारी दुसरा फोन आला. रिपेकाचा भाऊ पेतेरा शहरात वारला होता. उद्या त्याला घरी आणणार होते.

म्हणजे आज. माझा अठ्ठाविसावा दिवस. भावाशेजारी बसायचं तर रिपेकाला हाक मारता येत नाही. आज ओसरीवर मेरेआना एकटी, लवकर उचलून सावरणारं कोणी नाही. गोळी तर कालच सुरू झाली, तिचा गुण यायला महिने लागतील. मी बाहीत होते आणि अजून दहा-बारा थेंब माझ्यात होते. मी वाट पाहत होते.

तिने मला काढलंच नाही. हुइया तिच्या शेजारी पाण्याचा गडू घेऊन उभी राहिली. मेरेआनाने पेतेराला हाक मारली, मध्येच थांबली, सगळ्यांदेखत घोटभर पाणी प्यायली, आणि शेवटचे शब्द पुरे केले. एकही गिळला नाही. ओसरीवर असं पाणी पिताना कोणी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. तिचे गालही पुन्हा कोरडेच होते.

मग ती आत गेली, चटईवर बसलेल्या रिपेकापुढे वाकली आणि इथल्या रीतीने दोघींनी नाकाला नाक, कपाळाला कपाळ टेकवलं. बराच वेळ. रिपेकाचे डोळे आणि नाक, दोन्ही धो धो वाहत होते. मेरेआना उठली तेव्हा तिचे दोन्ही गाल ओले होते. तिने पुसले नाहीत.

ते पाणी माझं नव्हतं. आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

आता मी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात आहे, रताळ्याच्या सालींवर. हुइयाने माझ्या पोटावरची तारीख वाचली आणि टाकताना म्हणाली, "थँक्यू गं." माझी मुदत संपली, तक्रार नाही. एवढंच सांगते, कोणी कोरड्या डोळ्यांनी रडताना दिसलं तर दाराआडून निकाल लावू नका. जवळ जा. तुमच्याकडे पाणी असेल तर थोडं लागू द्या त्या गालाला.

वर आणखी साली पडताहेत. बरं, येते.