एल्साबाईंचं माहेर

आमच्या ह्यांना, म्हणजे प्रविणला, देवाने डोळे दिले, पण वापरायला शिकवलं नाय. मिशनच्या दवाखान्यातल्या पुतळ्यासाठी मी एल्साबाईंचं शाडूचं डोकं घडवलं, रंगवलं. आणि प्रविणने ते आमच्या मूर्तींच्या कारखान्यातून गौरीचा मुखवटा म्हणून विकून टाकलं.

एल्साबाई म्हणजे सातासमुद्रापलीकडून आलेली आमच्याकडची पहिली डॉक्टरीण. खाडीकाठच्या बायकांची बाळंतपणं करताकरता म्हातारी झाली, इथेच वारली. माझ्याकडे तिचा एकच पुसट फोटो. चेहरा जमलाय की नाय, या काळजीने मी अर्धी झालेली. त्यात पुतळा उद्या संध्याकाळी बसवायचा. धड दवाखान्यात पोचलंय आणि डोकं गायब.

"पेणमध्ये जन्म गेला तुमचा. हिला मुकुट नाय, दिसलं नाय?" मी विचारलं.

"रोह्याच्या धोंडुबाईंना हीच पायजे होती गो," प्रविण म्हणाला. "मला वाटलं, म्हातारीला साधी आवडत असेल."

रोह्याला जाताना वडखळच्या ट्रॅफिकमध्ये एसटी अडकली, तेवढ्यात मी त्याचा मनातल्या मनात उद्धार करून घेतला. भीती वेगळीच होती. उद्या गौरी बोळवायच्या. एल्साबाई कुंडलिका नदीत विरघळली, की माझी अब्रूपण तिच्याबरोबर जाणार.

धोंडुबाईंच्या घरी एल्साबाई हिरवी साडी नेसून उभी. गजरा माळलेला, कपाळ मात्र कोरं. पुढ्यात चिंबोऱ्यांचा रस्सा.

"आजी, कुंकू राहिलं काय?"

"राहिलं नाय. ती लावत नसे. फूल दिलं तर घ्यायची." धोंडुबाईंनी गजरा सारखा केला. "माझा जगन पोटात आडवा होता. हिनेच सोडवला. चिंबोरी दिली की बोटं चाटायची."

माझा जीव भांड्यात पडला. हसू आलं, डोळेही भरले. चेहरा जमला होता.

"पण आजी, ओळखलीत, तरी गौर म्हणून आणलीत?"

"सणाला आम्ही सगळ्या माहेरी जायचो, ही आपली दवाखान्यातच. एवढ्या लांब हिला कोण धाडणार? कारखान्यात दिसली. म्हटलं, चल गो, दोन दिस माझ्याकडे."

"उद्या नदीत नका सोडू हां."

"येडी काय तू? जेवली की मीच आणते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एल्साबाईंचं डोकं मांडीवर घेऊन धोंडुबाई रिक्षाने दवाखान्यात आल्या. पिशवीत ओटीचा नारळ नि खण. पाहुणे केव्हाचे ताटकळलेले. मोठे डॉक्टर जरा घुश्शातच म्हणाले, "एवढा उशीर?"

"माहेरी गेलेली," धोंडुबाई म्हणाल्या.