चाळणकरांची वाळू

या मित्रांनो, जवळ सरका. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे यावं, जागा भरपूर आहे. हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा आणि मन इकडे द्या, कारण मी तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगणार आहे. पण सांगणाऱ्याने आधी आपली ओळख द्यावी. मी एक जुनी वाळू आहे. सगळी मिळून एक बादलीभर. नजरेत भरावं असं माझ्यात काही नाही. रंग म्हणाल तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा.

कधीकाळी मी डोंगर होते म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही, म्हणून ऐट करत नाही. नदीने मला फोडलं, लोळवलं, घासलं आणि माझे सगळे कंगोरे काढून घेतले. देव ज्याला ज्या कामासाठी घडवतो त्याला तसाच घासतो, हे मला फार उशिरा, एका काचेच्या टाकीत कळलं.

ती टाकी चष्मेवाल्या काकांची. भिंगं घासण्यात त्यांचा जन्म गेला होता. मला दुकानातून आणल्यावर त्यांनी आधी चिमटीत घेऊन चोळलं, मग मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून पाहिलं. कुठे टोचते का, याची ती परीक्षा. तेवढ्याने समाधान झालं नाही, तेव्हा ते स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी घेऊन आले. काकू दाराशी काठी टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग पीठ कशाने चाळू? तुमच्या चष्म्याने?" काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि त्या घरात दुसरी चाळणी आली.

एवढा खटाटोप कशासाठी, तर माती चाळणाऱ्या माशांच्या जोडीसाठी. दुकानदार त्यांना सिक्लिड म्हणायचा. ऑलिव्ह रंगाचं अंग, कुशीवर निळसर टिकल्यांच्या ओळी आणि पुढे आलेलं लांब तोंड. हे मासे तळाशी तोंड खुपसून मला घासभर उचलतात, आत घोळवतात, खाण्याजोगं तेवढं ठेवून घेतात आणि मला कल्ल्यांमधून खाली सोडून देतात. मित्रांनो, माझा कण न कण त्यांच्या मुखातून जाऊन आला आहे. नदीने मला गोल का केलं, ते मला त्या मऊ अंधारात उमगलं. एकही कंगोरा शिल्लक असता तर त्या जिवाला ओरखडा उठला असता.

काकूंनी पहिल्याच दिवशी त्यांना ओळखलं. "हे आपल्यातलेच दिसतात. दिवसभर चाळणंच चालू आहे." त्यांनीच नावं ठेवली, चाळणकर आणि चाळणकरीणबाई. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या म्हणायच्या, "या, आमच्या चाळणकरांना भेटा. फार कामसू कुटुंब आहे."

काकूंना साखरेचा आजार होता. त्याने आधी पाय धरले. काठी सुटली, चालणं सुटलं, आणि त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत टाकीसमोर आला. मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. चाळणकर चाळायचे, मी झिरझिर खाली यायची, आणि पलंगावरची बाई उशीला टेकून बघत राहायची. काका अधूनमधून थोडं पाणी काढून ताजं भरायचे, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायचे. माझं कौतुक कुणी केलं नाही. पण दोन जिवांचं पोट आणि एका जिवाचं मन माझ्यावर चाललं होतं. वाळूला आणखी काय हवं?

एकदा चाळणकरीणबाईने सपाट दगडावर अंडी घातली. ती फुटल्यावर तिने आपली इवलाली पिल्लं एकेक करून तोंडात घेतली. या माशांची माया अशीच असते. पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत आईचं तोंड हेच त्यांचं घर. तिचा गळा फुगला, चाळणं थांबलं. काकूंनी ते काकांकडून दोनदा समजून घेतलं आणि म्हणाल्या, "ती बाहेर आलेली मला बघायचीत. तेवढी दाखवा, मग माझं कशात काही अडकलेलं नाही." काकांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्या घरात सगळे त्या एका गोष्टीची वाट बघू लागले.

आता गोष्ट जिथे वळते तिथे आपण आलो. जरा सांभाळून ऐका.

काकू म्हणू लागल्या की टाकीत धूसर दिसतं. काकांनी फिल्टर धुतला. तरी धूसर. पाणी बदललं. तरी धूसर. लेक भेटायला आली होती, तिने काचेला नाक लावून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, पाणी स्वच्छ आहे हो. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही विचारता, साखर आहे का, डोळे दाखवलेत का. आईला कधी विचारलंत?"

काका एवढे संतापले की लेक चहा न घेताच गेली. जन्मभर डोळ्यांचंच काम केलंय, मला शिकवू नकोस, असं काहीबाही ते बोलले. ते घडत असताना त्यांचा हात काच पुसत होता. पुसून झालेलीच काच ते पुसत होते. भिंग धूसर असलं की घासायचं, पुसायचं, बदलायचं, एवढीच त्यांच्या हातांना वाट ठाऊक होती. डोळाच विझत असला तर काय करायचं, ते त्या हातांना कुणी शिकवलं नव्हतं. मग त्यांनी दोष माझ्यावर ठेवला. ही वाळूच पाणी गढूळ करते.

भरल्या टाकीतून त्यांनी मला वाडग्याने उपसलं. माझ्या जागी काचेचे रंगीत खडे आले. लाल, निळे, चकाकणारे, उन्हात तर डोळे दिपवणारे. त्या धांदलीत चाळणकरीणबाई घाबरून हीटरमागे कोपऱ्यात शिरली. दुसऱ्या दिवशी तिचा गळा सपाट होता. पिल्लं तिने भीतीने गिळली की खड्यांच्या फटींत सांडली, देव जाणे. काकांनी टाकीवर वाकून फार वेळ शोधलं. मला फेकून देणं त्यांच्याने झालं नाही. बादलीत भरून त्यांनी मला दाराआड ठेवलं, म्हणून पुढचं सगळं मला दाराच्या फटीतून दिसलं आणि ऐकू आलं.

काकूंना एव्हाना टाकीत नुसता उजेड दिसायचा. त्यांनी विचारलं, "आली का हो पिल्लं?"

काका म्हणाले, "आली."

आणि मग ते रोज सांगत राहिले. आज आईच्या तोंडातून डोकावली. आज बाहेर पडली, भ्यायली, पुन्हा आत पळाली. मोहरीएवढी होती ती भाताच्या शिताएवढी झाली. काकू टाकीकडे तोंड करून हसायच्या.

पण चाळणकराला कोण समजावणार? चाळणं हा त्याचा श्वास. तो एकेक खडा उचलायचा, तो घशात उतरेना, कल्ल्यातून जाईना, की सोडून द्यायचा. टक्. पुन्हा उचलायचा. टक्. त्याचा ओठ सोलवटला. दाराआड मी कोरडी होत होते आणि तो आवाज ऐकत होते. मित्रांनो, तो आवाज मी एकटीच ऐकत नव्हते.

एका दुपारी पिल्लांची हकिकत सांगून झाल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, वाळू काढलीत ना?"

काका काच पुसायला उठले.

"वाळू पडली की आवाज येत नाही. हे कुणीतरी काहीतरी उचलतंय, टाकतंय. किती दिवस ऐकतेय मी."

"तुला धूसर दिसत होतं गं," काका म्हणाले. "मला वाटलं, पाणी..."

"पाणी नव्हतं. मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

काकूंनी चाचपून त्यांचा हात धरला. "तुमच्यामुळे सगळ्या गावाला नीट दिसायला लागलं. तुमच्याच घरात अंधार झाला, हे कोणत्या तोंडाने सांगू?" मग म्हणाल्या, "पिल्लं नाहीत ना?"

 काकांचे खांदे हलत होते, पण ते काकूंना दिसणार नव्हतं. काकूंनी हात सोडला नाही. एवढंच म्हणाल्या, "वाळू परत घाला. मला दिसलं नाही तरी चालेल, त्यांना चाळू द्या."

काकांनी बादली पलंगाशी आणली. मला ओलं केलं आणि मूठभर काकूंच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी मला बोटांमधून चाळून पाहिलं, पीठ पाहतात तसं, आणि म्हणाल्या, "चांगली चाळलीय."

माझ्या आयुष्यात झालेलं कौतुक ते एवढंच.

काकांनी खडे काढले, मला धुऊन अलगद तळाशी पसरलं. चाळणकर बराच वेळ माझ्याजवळ आलाच नाही. मग आला आणि त्याने एक घास घेतला. त्याच्या ओठाची जखम ओली होती. मला जमेल तितकी मी मऊ झाले.

पुढे त्या घरात खोटं बोलणं झालं नाही. काकू विचारायच्या, आज काय करताहेत? काका जसं असेल तसं सांगायचे. चाळणकर चाळतोय. चाळणकरीणबाई कोपऱ्यातच आहे, जेवली थोडं. लेकीलाही बोलावणं गेलं. ती आली, आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली, पण डोळ्यांची वेळ टळून गेली होती. पुन्हा अंडी झाली नाहीत. आणि एका दुपारी काका टाकीपुढे बसून सांगू लागले, बरंच सांगून झालं, मग त्यांनी वळून पाहिलं तर ऐकणारं पलंगावर कुणी उरलं नव्हतं.

मासेही यथावकाश गेले. टाकी माळ्यावर चढली. मी पुन्हा बादलीत, दाराआड आहे. काका कधीतरी येतात, माझ्यात हात घालतात आणि तसेच बसून राहतात.

मित्रांनो, तुमच्या घरी असे मासे आले तर त्यांना माझ्यासारखी बारीक, गोल वाळू द्या. चकाकणारे खडे दुकानाच्या काचेतच शोभतात. आणि घरातलं कुणी म्हणालं की मला नीट दिसत नाही, तर आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघा, पाण्याकडे नंतर. माझं एवढंच मागणं आहे. आणखी एक, जमलं तर. कधी पीठ चाळताना हात घटकाभर थांबला, तर आमच्या काकूंची आठवण काढा.